चौदाशे कैदी आणि न येणारा गोदो

नाटकात बाईचं पात्र नव्हतं, मुख्यतः याच कारणावरून त्याची निवड झाली. प्रेक्षक होते सॅन क्वेंटिन तुरुंगातले चौदाशे कैदी, तारीख १९ नोव्हेंबर १९५७, आणि नाटक सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरचा हा तुरुंग १८५२ पासूनचा, कॅलिफोर्नियातला सर्वांत जुना. तिथे कुणी नाटक केल्याला तेव्हा ४४ वर्षं झाली होती. १९१३ मध्ये फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट येऊन गेली, त्यानंतर कुणीच नाही. अस्तित्ववाद (माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो, असं मानणारं तत्त्वज्ञान) आणि ॲब्सर्ड नाटक (जगण्याचा निरर्थकपणा मांडणारं नाटक) यांचं नातं सांगताना समीक्षक ज्या प्रयोगाचा हमखास दाखला देतात, त्याच्या मुळाशी असं कारकुनी कारण असावं याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

प्रयोग 'ॲक्टर्स वर्कशॉप' या सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळीचा, दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ. त्याला धाकधूक होती आणि ती रास्तच होती. व्लादिमीर आणि एस्त्रागाँ ही दोन भणंग माणसं एका झाडाखाली गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहतात, तो येत नाही. दुसऱ्या अंकात पुन्हा तेच. मुरलेल्या प्रेक्षकांनीही या नाटकापुढे हात टेकले होते. तुरुंगाच्या उत्तरेकडच्या जेवणघरात अंधार केला गेला, कैद्यांनी सिगारेटी पेटवल्या, जळत्या काड्या खांद्यावरून मागे भिरकावल्या, आणि त्या लुकलुकत्या अंधारासमोर ब्लाउ जाऊन उभा राहिला. त्याने कथानक सांगितलं नाही, तत्त्वज्ञान तर नाहीच. जॅझ ऐकतो तसं हे ऐका, म्हणाला; ज्याला जे सापडेल ते त्याने घ्यावं.

पुढचं वर्णन कैद्यांच्याच वृत्तपत्रात आलं. त्यातला एक प्रसंग फार बोलका आहे. तीन दांडगट गडी वाटेकडेच्या जागा अडवून बसले होते. वार्ताहराने तिघांचं मिळून वजनही दिलंय: ६४२ पौंड. पोरी कधी येतात, विनोद कधी सुरू होतात, याची ते वाट पाहत होते. दोन्हींपैकी काहीच येईना, तेव्हा ते मोठ्याने कुरकुरले आणि दिवे मालवले की सटकायचं असं त्यांनी ठरवलं. पण त्यांची एक चूक झाली. ते दोन मिनिटं जास्त थांबले. मग उठलेच नाहीत.

नाटक संपल्यावर एका पत्रकाराने कैद्यांना विचारलं, गोदो म्हणजे कोण? एक म्हणाला, समाज. दुसरा म्हणाला, बाहेरचं जग. तुरुंगात शिकवणाऱ्या एका शिक्षकाचं म्हणणं असं, की वाट पाहणं म्हणजे काय हे या माणसांना ठाऊक आहे, आणि गोदो शेवटी आलाच तर तो पदरी निराशाच टाकील हेही त्यांना ठाऊक आहे.

बावीस महिन्यांपूर्वी, मायामीत

या प्रसंगाला वजन येतं ते दुसऱ्या एका प्रयोगाशेजारी ठेवल्यावर. ३ जानेवारी १९५६ ला फ्लोरिडात, मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह प्लेहाउसमध्ये 'गोदो'चा अमेरिकेतला पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक ॲलन श्नायडर, प्रमुख भूमिकांत बर्ट लार आणि टॉम इवेल. लार म्हणजे 'विझर्ड ऑफ ऑझ' चित्रपटातला भित्रा सिंह. त्याच्या नावावर तिकिटं खपणार हे उघड होतं. 'दोन खंडांना हसवणारं' नाटक अशी जाहिरात करण्यात आली. सुट्टीवर आलेली, नटूनथटून आलेली मंडळी बसली, आणि त्यांतली पुष्कळशी दुसऱ्या अंकाला परतलीच नाहीत.

नाटक तेच, भाषा तीच, देशही तोच. एकीकडे पैसे मोजून आलेले उठून गेले. दुसरीकडे सटकायच्या बेतात असलेले बसून राहिले. का?

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर १९६१ मध्ये मिळालं. मार्टिन एस्लिन या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, व्हिएन्नात वाढलेल्या आणि पुढे बीबीसीच्या नभोनाट्य विभागाचा प्रमुख झालेल्या समीक्षकाने 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हे पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवातच सॅन क्वेंटिनच्या या प्रयोगाने केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कैद्यांना या नाटकातली परिस्थिती आपलीशी वाटली असेल; शिवाय नाटक कसं असावं याच्या ठाम कल्पना घेऊन ते आले नव्हते, म्हणून सुशिक्षितांच्या वाटेत आलेला अडसर त्यांच्या वाटेत आला नाही.

हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यात दोन ठिकाणी पाणी मुरतं. पहिलं म्हणजे, कैदी अपेक्षा न ठेवता आले होते हे त्या तीन गड्यांच्या गोष्टीशी जुळत नाही. त्यांची अपेक्षा मायामीकरांइतकीच पक्की होती, फक्त जास्त प्रामाणिक होती. दुसरं जास्त महत्त्वाचं. 'वाट पाहणं त्यांना ठाऊक होतं' असं म्हटलं की काम संपल्यासारखं वाटतं. वाट कोण पाहत नाही? प्रसूतीगृहाबाहेर बसलेला बाप पाहतो, निकालाच्या दिवशी विद्यार्थी पाहतो. त्यांना 'गोदो' आपोआप कळतं असा अनुभव नाही. सॅन क्वेंटिनमधली वाट नेमकी कशा जातीची होती, हे बघायला हवं.

तारीख नसलेली शिक्षा

कॅलिफोर्नियात १९१७ पासून अनिश्चित मुदतीच्या शिक्षेचा कायदा होता. न्यायाधीश कैद्याला 'सात वर्षं' किंवा 'दहा वर्षं' असं सांगत नसे. बहुतेक मोठ्या गुन्ह्यांना कायद्यानेच दोन टोकं ठरवून दिलेली असत आणि त्यांतलं वरचं टोक कित्येकदा जन्मठेपेचं असे. या दोन टोकांमध्ये माणूस नेमका किती काळ आत राहील, हे १९४४ पासून 'ॲडल्ट ऑथॉरिटी' नावाचं मंडळ ठरवत असे. कैदी त्यांच्यापुढे जाई, प्रश्नांना उत्तरं देई आणि बहुधा 'अजून नाही' हे ऐकून कोठडीत परते. मुदत ठरली तरी ती बदलण्याचा अधिकार मंडळाकडे राहत असे. हा कायदा १९७६ मध्ये बदलला आणि नवी, ठरावीक मुदतीची पद्धत १९७७ मध्ये अमलात आली.

या पद्धतीचं टोक पाहायचं तर जॉर्ज जॅक्सनची शिक्षा पाहावी. पेट्रोल पंपावरच्या सत्तर डॉलरच्या लुटीबद्दल त्याला 'एक वर्ष ते जन्मठेप' अशी शिक्षा झाली, तेव्हा तो विशीतही नव्हता. सुमारे अकरा वर्षं आत काढल्यावर १९७१ मध्ये तो सॅन क्वेंटिनमध्येच गोळी लागून मेला. तो आत गेला तो आपल्या प्रयोगानंतर, पण कायदा तोच. दुष्टपणाने केलेला कायदा नव्हता हा, उलट सुधारणावाद्यांचा लाडका होता. माणूस सुधारेल तेव्हा त्याला सोडावं, कॅलेंडर पाहून नव्हे, अशी त्यामागची दयाळू समजूत होती.

आता नाटकातला मुलगा आठवा. दोन्ही अंकांच्या शेवटी एक पोरगा येतो आणि निरोप देतो: आज गोदोसाहेब येणार नाहीत, उद्या मात्र नक्की. मायामीच्या प्रेक्षकाला हा निरोप म्हणजे लेखकाने केलेली थट्टा वाटली असेल. सॅन क्वेंटिनच्या जेवणघरात बसलेल्या किती जणांनी तो मंडळाच्या तोंडून ऐकला असेल! दुसऱ्या अंकात तर मुलगा म्हणतो, काल मी आलोच नव्हतो. म्हणजे कालच्या निरोपाची नोंदसुद्धा नाही. व्लादिमीर कासावीस होतो तो इथेच. गोदो येत नाही हे त्याच्या अंगवळणी पडलंय. काल आपण इथे होतो याला साक्षीदार नाही, हे मात्र त्याला सोसत नाही.

याच जागी संवादात एक बारीक बदल होतो. पहिल्या अंकात व्लादिमीर मुलाला म्हणतो, गोदोला सांग, तू आम्हाला पाहिलंस. दुसऱ्या अंकात 'आम्हाला'चं 'मला' होतं. एस्त्रागाँ शेजारीच झोपलेला असतो, तरी हिशेबातून निघून जातो. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि नाटककार सार्त्रच्या 'नो एक्झिट' या नाटकातलं गाजलेलं वाक्य आहे, नरक म्हणजे इतर माणसं. तिथे दुसऱ्याची नजर आपल्याला एका आकारात थिजवून टाकते, त्यातून सुटका नाही. बेकेटच्या झाडाखाली नरक उलटा आहे: कुणीतरी पाहावं, पाहिल्याचं वरती कळवावं, एवढीच धडपड, आणि तीही फोल. ज्याचं नाव जाऊन जागी क्रमांक आलाय आणि ज्याची फाईल वर्षातून एकदा उघडते, त्याला या दोन नरकांतला फरक पुस्तकातून शिकावा लागणार नाही.

माझ्या मते कैद्यांच्या प्रतिसादाची किल्ली या अनिश्चित तारखेत आहे, नुसत्या भिंतींत नाही. पाच वर्षांची सजा झालेला माणूस दिवस मोजतो. मोजता येणारी वाट ही शेवटी बेरीज-वजाबाकी. ज्याला तारीखच नाही त्याच्यापुढे मोजायला काही उरत नाही, उरतो तो फक्त आजचा दिवस आणि तो कसा ढकलायचा हा प्रश्न. 'गोदो' नेमकं या प्रश्नावर उभं आहे. टोप्यांची अदलाबदल, गाजर, बूट, भांडण, मिठी, पुन्हा भांडण: सगळा तास ढकलण्याचा उद्योग.

पण कुलूप कुठे आहे?

इथपर्यंत सगळं छान जुळतं, आणि म्हणूनच थांबून बघायला हवं. व्लादिमीर आणि एस्त्रागाँ यांना कुणी कोंडलेलं नाही. रंगमंचावर एक रस्ता आहे, एक झाड आहे, बस्स. ते दर संध्याकाळी कुठेतरी जातातही. एस्त्रागाँ रात्री खड्ड्यात झोपतो, मार खातो, सकाळी परत येतो. आपण बांधलेले आहोत का, असा प्रश्न तो विचारतोसुद्धा. व्लादिमीर म्हणतो, गोदोला? बांधलेले? छे, कल्पनाच काय! निदान अजून तरी नाही. नाटकात खराखुरा दोर आहे तो वाटेने येणाऱ्या लकी नावाच्या नोकराच्या गळ्यात, त्याचं दुसरं टोक त्याच्या मालकाच्या, पोझोच्या हातात. पण लकी स्वतःहून ओझं उचलतो. दुसऱ्या अंकात पोझो आंधळा होतो तेव्हा दोर आखूड झालेला असतो, आणि कोण कुणाला नेतोय हे सांगणं अवघड होतं.

म्हणजे तुरुंगातला माणूस कुलपामुळे थांबलाय आणि हे दोघे कुलूप नसताना थांबलेत. मग 'गोदो म्हणजे बाहेरचं जग' असं म्हणणाऱ्या कैद्याला नाटक कळलं की त्याने ते आपल्या मापाचं करून घेतलं?

अस्तित्ववादाचा काटेकोर अभ्यासक म्हणेल की मापाचं करून घेतलं. सार्त्रचा आग्रह स्वातंत्र्यावर आहे. अस्तित्व आधी, सत्त्व नंतर. माणूस आधी असतो, मग आपल्या निवडींतून घडतो, आणि निवड टाळणं हीसुद्धा निवडच. 'मला दुसरा इलाजच नव्हता' असं स्वतःला पटवणं याला तो आत्मवंचना म्हणतो. 'नो एक्झिट' हे नाटक मे १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. त्यात एका क्षणी दार खरोखर उघडतं. इतका वेळ दारावर मुठी आपटणारा गार्सँ बाहेर पडत नाही, कारण आपण भित्रे नाही हे आत बसलेल्या एका बाईला पटवल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. 'गोदो'चा शेवट याचाच भाऊबंद: चला, जाऊ या, असं दोघे म्हणतात आणि जागचे हलत नाहीत. या वाचनात गोदो ही त्यांची सबब. तो येईपर्यंत ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, ही सोय. आणि कैद्याला अशी सबब लागतच नाही. त्याच्यासाठी दार राज्य सरकारने बंद केलंय.

हा आक्षेप मला कागदावर बिनतोड वाटतो आणि तरी पटत नाही. कारण कैद्यांनी स्वतः काय लिहिलं ते पाहा. त्यांच्या वृत्तपत्रातल्या लेखाचा आशय असा होता: आम्ही अजूनही गोदोची वाट पाहतोय आणि पाहत राहू, देखावा फार कंटाळवाणा झाला, घडामोडी फार मंदावल्या, की एकमेकांना शिव्या घालू, कायमचं वेगळं व्हायची शपथ घेऊ, पण मग जायला जागा तरी कुठे आहे? या मजकुरात कुलपाचा उल्लेख नाही, पहारेकऱ्याचा नाही. लिहिणाऱ्याचं लक्ष आहे ते त्या दोघांमधल्या व्यवहाराकडे: कंटाळा, शिवी, शपथ, आणि पुन्हा तिथेच. जे बदलता येत नाही ते त्याने धरून चाललंय आणि जे आपल्या हातात आहे त्याचा हिशेब मांडलाय. नाटक लेखकाने प्रतीकात मांडलं आणि निष्कर्षाची, चुकीचीसुद्धा, जबाबदारी प्रेक्षकावर सोपवली, असंही त्याच वृत्तपत्रात म्हटलं आहे. समीक्षेच्या कितीतरी जाड पुस्तकांना हे इतक्या सरळपणे सांगता आलेलं नाही.

आणि सार्त्रला साक्षीला बोलवायचं तर त्याची १९४४ मधली साक्षही काढावी लागेल. जर्मनांच्या ताब्यात होतो तेव्हाइतके आम्ही कधीच स्वतंत्र नव्हतो, असं त्याने पॅरिस मुक्त झाल्यावर लिहिलं. पर्याय जितके कमी, तितका उरलेल्या प्रत्येक निवडीचा भार जास्त, हा त्याचा मुद्दा. सॅन क्वेंटिनला तो चपखल बसतो.

बेकेटला स्वतःला ही वाट कुठून माहीत होती, हेही इथेच सांगायला हवं. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्धच्या एका गुप्त गटात काम करत होता. १९४२ मध्ये गट फुटला. त्याचा मित्र आल्फ्रेद पेराँ पकडला गेला, छळछावणीत गेला आणि १९४५ मध्ये सुटकेनंतर काही दिवसांतच वारला. बेकेट निसटला आणि दक्षिण फ्रान्समधल्या रुसियाँ गावात लपून राहिला. दोनेक वर्षं शेतावर राबायचं, दिवस काढायचे, आणि युद्ध कधी संपेल याला तारीख नाही. फ्रेंच संहितेत द्राक्षतोडणीच्या आठवणीत रुसियाँचं नाव आलंही आहे. नाटक लिहिलं गेलं १९४८-४९ च्या हिवाळ्यात. ते 'युद्धाबद्दल' आहे असं मी म्हणणार नाही, पण बिनतारखेची वाट त्याने दर्शनशास्त्राच्या पुस्तकातून उचलली नव्हती एवढं नक्की. आपण तत्त्वज्ञ वाचत नाही, जे म्हणायचं ते तत्त्वज्ञानाच्या भाषेत म्हणता आलं असतं तर कादंबऱ्या लिहायचं कारणच नव्हतं, असं त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. (पहिल्या अर्ध्यावर विश्वास ठेवू नये. त्याने देकार्त आणि शोपेनहाउअर चांगलेच वाचले होते.)

विचार सांगणं आणि विचारात बसवणं

मायामी आणि सॅन क्वेंटिन यांच्यातला फरक समजायला एस्लिनचंच दुसरं एक निरीक्षण जास्त उपयोगी पडतं. सार्त्र आणि फ्रेंच लेखक काम्यू जगाच्या निरर्थकपणाबद्दल बोलतात, पण बोलतात अत्यंत सुसंगतपणे. त्यांच्या नाटकांत पात्रं मुद्देसूद वाद घालतात, प्रसंग एकातून एक निघतात. आशय म्हणतो की जगाला तर्क नाही आणि रचना मात्र वकिलासारखी. बेकेट, आयोनेस्को, आदामोव्ह या ॲब्सर्ड नाटककारांनी ही विसंगती संपवली. त्यांच्याकडे निरर्थकपणाविषयी चर्चा नाही. नाटकच त्या घाटाचं आहे.

उदाहरणार्थ आत्महत्या. काम्यूचा 'द मिथ ऑफ सिसिफस' हा निबंध १९४२ चा. खरोखर गंभीर असा तात्त्विक प्रश्न एकच, आत्महत्येचा, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे पानोपानी युक्तिवाद करत तो अशा मुक्कामी येतो, की दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा सिसिफस सुखी आहे असं मानायला हवं. बेकेटचे दोघेही याच प्रश्नाशी येतात. झाडाला लटकावं का? दोर नाही. एस्त्रागाँच्या विजारीची दोरी आहे. ती काढताच विजार खाली घसरते, मग दोघे दोरी ओढून बघतात आणि ती तुटते. पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी, जानेवारी १९५३ मध्ये, ते काम करणारा नट विजार पुरती खाली पडू देत नव्हता, तेव्हा बेकेटने दिग्दर्शक रॉजे ब्लँला पत्र लिहून बजावलं की ती घोट्यांपर्यंत पडलीच पाहिजे. यात त्याचा सगळा विचार आला. मरणाचा प्रश्न अर्ध्यावर आलेल्या विजारीने हास्यास्पद होत नाही, नुसता ओशाळवाणा होतो. पूर्ण पडली की हसूही येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटते. काम्यूने निष्कर्ष दिला. बेकेटने प्रेक्षकाला निष्कर्षाविना, विजार पडलेल्या माणसासमोर बसवलं.

आणि बसवलं हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. हे नाटक पाहणं म्हणजे काहीतरी घडण्याची वाट पाहणं. प्रेक्षक पात्रांच्या शेजारीच झाडाखाली येतो. मायामीच्या प्रेक्षकाला ही वाट पाहायची नव्हती आणि दार उघडं होतं, म्हणून तो गेला. त्याला नाटक कळलं नाही असं म्हणणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. एका अर्थाने व्लादिमीर आणि एस्त्रागाँ जे करू शकले नाहीत ते त्याने केलं.

सॅन क्वेंटिनमधल्या प्रेक्षकाच्या मदतीला ब्लाउचं ते छोटं भाषण होतं. या प्रकरणात त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही, मी देईन. जाहिरातीने मायामीकरांना सांगितलं होतं, हसायला या. ब्लाउने कैद्यांना सांगितलं, ऐका. जॅझची उपमा तर नेमकीच होती: एक धून धरायची, तिच्यावर खेळायचं, भरकटायचं आणि फिरून तिथेच यायचं. अस्तित्ववादावर दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं असतं तर ते तीन गडी खात्रीने निघून गेले असते.

साक्षीपुराव्याबद्दल

या गोष्टीचा आधार काय? कैद्यांच्या वृत्तपत्रातला मजकूर, बाहेरच्या पत्रकाराने टिपलेली चार वाक्यं, आणि मागाहून सांगितलेल्या आठवणी. चौदाशेंपैकी बोलले ते मूठभर. ज्या माणसाची संध्याकाळ एरवी कोठडीत जाते त्याला कुठलंही नाटक मेजवानी वाटेल, हेही धरून चालावं लागतं. शिवाय एस्लिनला ही घटना आपल्या प्रतिपादनाच्या दारात तोरणासारखी लावायची होती, त्यामुळे तिचे कंगोरे थोडे घासले गेले असणार. 'बुद्धिमंतांना कळलं नाही ते कैद्यांना कळलं' ही मांडणी ऐकायला गोड आहे, आणि तिच्यात कैद्याला भोळा, निर्मळ मनाचा ठरवण्याची एक सूक्ष्म वरून-खाली पाहणारी नजरही आहे. त्यांचं वृत्तपत्र वाचलं तर भोळेपणा कुठे दिसत नाही. दिसतो तो चांगलाच तिरकस विनोद.

पण एक साक्षीदार असा आहे की ज्याची साक्ष आयुष्यभर चालली. रिक क्लुची हा अपहरण आणि सशस्त्र दरोड्याबद्दल जन्मठेप भोगत होता, तीही पॅरोलची शक्यता नसलेली. त्याच्याच सांगण्यानुसार प्रयोगाला जायची त्याला परवानगी नव्हती. त्याने कोठडीत बसून, तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून नाटक फक्त ऐकलं. झाड नाही, विजार नाही, टोप्या नाहीत. नुसते आवाज आणि मधले विराम. पुढे या कैद्यांनी आपली नाटकमंडळी काढली, सॅन क्वेंटिन ड्रामा वर्कशॉप, आणि १९६१ मध्ये 'गोदो' केलं. त्यांना तालमीला आणि प्रयोगाला मिळालेली जागा होती तुरुंगातली फाशीची जुनी खोली. झाडाला लटकावं का, हा संवाद तिथे म्हटला गेला.

१९६६ मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी क्लुचीची शिक्षा सौम्य केली आणि तो बाहेर आला. ज्याला कायद्याने कधीच सुटायचं नव्हतं तोच सुटला. बाहेर येऊन त्याने बेकेटच केला. १९७७ मध्ये बर्लिनमध्ये 'क्रॅप्स लास्ट टेप'चं दिग्दर्शन स्वतः बेकेटने केलं आणि क्रॅप होता क्लुची. १९८४ मध्ये लंडनला या मंडळीच्या 'गोदो'च्या तालमींवर बेकेट देखरेख करायला बसला.

हे प्रकरण इथे मिटवता आलं असतं, पण त्याला एक स्वीडिश जोड आहे, आणि कुलपाच्या प्रश्नावर तिच्याइतकं काही बोलत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात यान योन्सन या स्वीडिश नटाने कुम्ला इथल्या कडेकोट तुरुंगात कैद्यांना घेऊन 'गोदो' बसवलं. प्रयोग इतका गाजला की तो बाहेरच्या रंगमंदिरात करायची परवानगी मिळाली. १९८६ मध्ये गोथेनबर्गला प्रयोग ठरला. प्रयोगाआधी बहुतेक कैदी-नट रंगमंदिरातून पळून गेले. योन्सनने हे बेकेटला कळवलं तेव्हा तो खो खो हसला, असं योन्सन सांगत असे. गोथेनबर्गचे प्रेक्षक येऊन बसले होते. नट आले नाहीत.